चार मशीनींचे पट्टे

१

पुष्पाबाईच्या घरी चोरी झाली हे ऐकून मला आनंद झाला. कोणी काही म्हणो, झाला तर झाला. दसऱ्याची सकाळ होती, मी चुलीपुढे एकटाच बसून शिळ्या भाकरीचा कुस्करा करत होतो आणि दारात खरंखुरं माणूस उभं राहून मला हाक मारत होतं. बायको रुखमाबाई गेल्यापासून माझ्या दाराशी कोणी आलंच, तर ते हरवलेली कोंबडी शोधत.

सारी हयात पोलिसात काढली मी. तेवढ्या काळात वऱ्हाडावर तीन सरकारं आली, शेवटी महाराष्ट्र झाला. टोपीवरचा बिल्ला बदलत राहिला, डोकं तेच राहिलं. आता पेन्शन खात अमडापुरात बसलोय. गाव चांगलं आहे, पण एवढं सरळ की माझ्यासारख्यानं दिवसभर करावं तरी काय?

"काय गेलं?" मी हात धुवत विचारलं.

"तेच तं समजत नाही, जमादार," पुष्पाबाई म्हणाली. धावत आली होती, पदराचं भान नव्हतं. "चारही मशीनी जागेवर आहेत, पण एकही शिवत नाही. अन् कंपनीचे साहेब म्हणून राह्यले, दुपारच्या मुहूर्ताआधी सापडलं नाही तं वर्ग दुसऱ्या गावाले देतो."

नवखा कोणी वाचत असेल, म्हणून सांगतो. पुष्पाबाई विधवा. नवरा तापानं गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून मोठा दीर किसनराव याच्या घरात राहायची. खायला कमी नव्हतं. बोलायला मात्र कोणी नव्हतं. उन्हाळ्यात अकोल्याहून चंद्रकोर शिलाई मशीन कंपनीचे इंद्रभानजी साहेब आले. त्यांची योजना अशी, की नाव कंपनीचं, पाटी कंपनीची, मशीनी कंपनीच्या, आणि शिवणवर्ग चालवायचा पुष्पाबाईनं आपल्या खोलीत. तारण म्हणून नवऱ्याच्या वाटणीचं वावर लिहून द्यायचं. साहेबांनी तिला मेहकरला नेऊन सिंधूताईंचा भरलेला वर्गही दाखवला. आज मुहूर्तावर तिची सही व्हायची होती. वर्ग झाला तर ती आपल्या पायावर उभी राहणार, नाही तर जन्मभर दिराच्या चुलीजवळ.

रस्त्याकडच्या खोलीत चारही मशीनी ओळीनं उभ्या होत्या. कालच्या खांडेनवमीच्या पूजेचं कुंकू आणि झेंडू तसाच होता. मी वाकून पाहिलं. सुईच्या खाली, मशीनच्या पोटात, एक छोटी पोलादी डबी असते. बॉबिन तिच्यात बसते आणि खालचा दोरा तिच्यातून येतो. ती नसली की मशीन नुसती भोकं पाडते. चारही मशीनींच्या डब्या गायब होत्या.

पण माझं लक्ष अडलं ते दुसरीकडेच. प्रत्येक मशीनचा दाब, म्हणजे कापड धरणारा सुईजवळचा लोखंडी पाय, खाली केलेला होता आणि त्याच्याखाली चिंधीची घडी सरकवलेली होती. चाकांवरचे चामड्याचे पट्टेही उतरवलेले होते.

"हे काल कोणी केलं?"

"कोणी नाही. काल रंगराव शिंप्यानं चारही चालवून दाखवल्या. पट्टे चढवलेलेच होते. मंग पूजा झाली अन् मी कुलूप लावलं."

म्हणजे चोर आला, त्यानं डब्या काढल्या आणि जाण्याआधी मशीनींची निगा राखली. एवढ्या नोकरीत असा चोर मी पाहिला नव्हता.

२

कुलूप तुटलेलं नव्हतं. किल्ली माजघरातल्या खुंटीवर होती. संध्याकाळी सणाचं जेवण झालं तेव्हा घरात पुष्पाबाई आणि चुलीपाशी अडकलेल्या घरच्या बाया सोडून चौघं होती: इंद्रभानजी साहेब, दीर किसनराव, गावचा शिंपी रंगराव आणि वर्गाला शिकवायला मेहकरहून आणलेल्या सिंधूताई. जेवणं आटोपल्यावर सगळी अंगणात गप्पा मारत होती. मधेच कोणी पाणी प्यायला, कोणी सुपारी घ्यायला आत जात होतं. किल्ली कोणालाही घेता आली असती.

आधी साहेबांना गाठलं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, तोंडात पान.

"हे पाहा जमादार, माल त्यांच्या ताब्यात होता. ताबा ज्याचा, जबाबदारी त्याची. करारात स्वच्छ लिहिलंय."

"करारावर सही कुठं झाली अजून?"

"बोलणं झालंय ना!"

"बरं, पट्टे कोणी उतरवले असतील?"

"पट्टे?" ते मशीनीकडे पाहत राहिले. "येताना गाडीच्या धक्क्यानं निघाले असतील."

काल चारही मशीनी गावासमोर चालल्या होत्या! मी म्हटलं, एक चढवून दाखवा. साहेबांनी पाच-सात मिनिटं खटपट केली, बोटं काळी केली आणि पट्टा पिळा घालून उलटाच बसवला. हा माणूस मशीनी विकतो, पण आयुष्यात एकदाही मशीनीवर बसलेला नाही हे मला कळलं. डब्या त्यानं काढल्या असत्या तर सोबत दोन-चार स्क्रूही हरवले असते.

जाता जाता सहज विचारलं, "साहेब, तुमचा वर्ग घेऊन मग सोडून दिला अशी एखादी बाई आहे काय? नाव सांगा, बोलून पाहतो."

"आमच्याकडे कोणी सोडून जात नाही," ते म्हणाले. पण पान चावायचं थांबले.

किसनराव गोठ्यात बैलांपुढे कडबा टाकत होता. मी विचारायच्या आतच त्याचा भडका उडाला.

"हाव, मले हा वर्ग नको होता! साऱ्या गावाले माहीत आहे. लोक मले तोंडावर विचारतात, भावाच्या बायकोले खाऊ घालाले तुह्याजवळ नाही काय बे? माह्या भावाचं वावर कागदावर चढून राह्यलं, मी गप्प बसू?"

"म्हणून डब्या काढल्या?"

"डब्या? अरे बाप्पा, त्या मशीनीले डबी असते हे मले आज समजलं. मी काढतो तं अख्ख्या मशीनीच विहिरीत टाकतो. लपूनछपून काऊन करू?"

मला पटलं. किसनरावाचा राग दाराआड मावणारा नव्हता. पण घरातल्या चौघांपैकी दोघं गेले आणि उरलेल्या दोघांनाही मशीनीच्या पोटातली नस न् नस माहीत होती.

३

रंगरावचं दुकान बाजारात, निंबाच्या झाडाखाली. दसऱ्यामुळे त्यानं मशीनीला हात लावला नव्हता. हार घातला होता, समोर नारळ ठेवला होता आणि स्वतः बाजूला बसून तंबाखू मळत होता.

"या जमादार. मले बेड्या घालाले आले काय?"

"तुह्या धंद्यात वाटेकरी येऊन राह्यली. विचारावं तं लागंन."

"येऊ द्या ना! दिवाळी तोंडावर आली, कापडाचा हा ढीग पाहा. पोलकी शिवाले मले फुरसत नाही अन् बायाले माप द्याले लाज वाटते. ती बाई पोलकी शिवंन तं माह्या डोक्याचा ताप जाईन."

मी त्याच्या मशीनीकडे पाहिलं. कोणाचा तरी अर्धवट शर्ट सुईखाली तसाच होता. पट्टा चाकावर ताठ.

"सणाचा दिवस, तरी पट्टा नाही उतरवला?"

"कशाले उतरवू? उद्या सकाळी बसायचंच आहे."

"मग पट्टा कोण उतरवतं?"

त्यानं तंबाखू दाढेखाली धरली. "ज्याची मशीन पडून राहते तो. पट्टा ताणून ढिला होऊ नये म्हणून उतरवाचा, दाबाखाली चिंधी ठेवाची म्हणजे खालचे दाते झिजत नाहीत. माहा बाप आजारी होता तवा आमची अशीच ठेवली होती. ज्याचा धंदा चालते त्याचा हात पट्ट्याकडे जातच नाही, जमादार. अन् ज्याले सवय लागली त्याचा हात आपोआप जाते. मशीनीवरून उठला की पट्टा उतरवला. त्याले समजतही नाही."

मी तिथंच निंबाखाली बसून राहिलो. रंगरावचा हात पट्ट्याकडे जात नव्हता. पुष्पाबाईला मशीनीची निगा अजून कोणी शिकवलीच नव्हती. उरल्या सिंधूताई. पण त्यांच्या वर्गात तर पुष्पाबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पोरी भरलेल्या पाहिल्या होत्या, मशीनी खडखडत होत्या. चालत्या वर्गाच्या बाईला मशीनी निजवायची सवय कशी लागली?

आणि सवय खरी, तर मग उन्हाळ्यात पुष्पाबाईनं मेहकरला जे पाहिलं ते काय होतं?

उठलो तेव्हा चोर सापडल्याचा आनंद वाटायला हवा होता. पण पुष्पाबाईच्या घराकडे मी लांबच्या वाटेनं गेलो.

४

सिंधूताई परसात तोरण ओवत बसल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. नवऱ्यानं तरुणपणीच टाकलेल्या, माहेरचं कोणी उरलेलं नाही. घरात एवढी गडबड, पण त्यांच्याजवळ कोणी नव्हतं.

मी समोरच्या दगडावर टेकलो. "ताई, मेहकरले तुमच्या मशीनीचे पट्टे चढवलेले आहेत का उतरवलेले?"

सुई थांबली. मग त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि फडक्यात गुंडाळलेल्या चार डब्या माझ्यापुढे ठेवल्या.

"पट्टे मीच उतरवले काय?" त्यांनी विचारलं. "मले आठवत नाही, जमादार. खरंच आठवत नाही."

"काऊन केलं हे?"

"मशीनी चालल्या नसत्या तं आज सही झाली नसती. एक दिवस भेटला असता. तेवढ्यात तिले एकटीले गाठून सांगतलं असतं. तिच्याजवळ बसली की साहेब येऊन बाजूले बसते."

"काय सांगतलं असतं?"

"की मेहकरचा वर्ग खोटा आहे." त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "पहिलं वर्ष चांगलं गेलं. मंग कंपनीनं जवळच दुसरा वर्ग उघडला, मले विचारलंही नाही. पोरी तिकडे गेल्या. दोरा कंपनीचाच घ्यावा लागते, बाजारात स्वस्त भेटला तरी. तेल कंपनीचंच. सणासणाले नव्या मशीनी येतात, विकल्या न विकल्या, उतरवून घ्याच. माहं घर तारणात गेलं. आता मी माह्याच घरात कंपनीच्या मेहेरबानीनं राहते. पाहाले कोणी येणार असलं की साहेब आधी सांगतात. मी गल्लीतल्या पोरी बोलावते, गोळ्या-बिस्किटं देते, बसवते. ती गेली की पोरी जातात अन् मी पट्टे उतरवते."

मी डब्या उचलल्या. त्या गरम होत्या. कालपासून त्यांनी कमरेला आवळून धरल्या होत्या.

"हे साऱ्यासमोर सांगा लागंन," मी म्हणालो.

"सांगतलं तं माहं घर गेलं."

"अन् नाही सांगतलं तं तिचं वावर गेलं."

त्या माझ्याकडे अशा पाहत राहिल्या, की नोकरीत कधी चोराची कीव आली नव्हती ती त्या दिवशी आली.

५

मुहूर्ताची वेळ झाली. खोलीसमोर अर्धं गाव जमलं होतं, पोरं पाटीवरचा कागद ओढत होती. साहेब टेबलावर करार उघडून बसले होते. मी फडकं सोडून डब्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

"वा, जमादार!" साहेब उठलेच. "पुष्पाबाई, या, करा सही. चोर कोण, ते मागाहून पाहू."

"चोर आधी," मी म्हणालो. आणि पट्ट्यांची सगळी गोष्ट सांगितली. ज्याला मशीनीतलं कळत नाही तो पट्ट्याला हात लावणार नाही. ज्याचा धंदा जोरात तोही लावणार नाही. काल घरात जे होते त्यांच्यात मशीन जाणणारं आणि ज्याची मशीन पडून आहे असं माणूस एकच. मी नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. लोकांनी माना वळवल्या.

"काय बडबड आहे ही!" साहेब ओरडले. "सिंधूताई, यांना सांगा तुमच्या वर्गाचं."

सिंधूताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. साहेबांनी पेन पुष्पाबाईकडे सरकवलं. वाटलं, गेलं हातचं.

पुष्पाबाईनं पेन घेतलं नाही. ती सिंधूताईंजवळ गेली आणि अगदी हळू बोलली. पण एवढी शांतता होती, की सगळ्यांना ऐकू आलं.

"ताई, तुमच्या वर्गात शेवटचं शिवण कधी झालं?"

"तू पाहाले आली होती ना," सिंधूताई म्हणाल्या, "त्याच दिवशी."

मग त्या थांबल्याच नाहीत. दुसरा वर्ग, दोरा, तेल, नव्या मशीनी, गोळ्या-बिस्किटांवर बसवलेल्या पोरी, तारणातलं घर, सगळं सांगितलं. साहेब मधे मधे "हे खोटं आहे" म्हणत होते. मी त्यांना म्हटलं, "खोटं असंन तं सोपं आहे. ज्यांनी वर्ग सोडले त्यायची चार नावं द्या. आमी जाऊन विचारून येतो. तुमी दाखवता ते माणूस पाहून काय समजणार? तुमी दाखवत नाही त्यालेच भेटलं पाह्यजे. सही उद्या होईन."

साहेबांनी नावं दिली नाहीत. करार घडी करून बॅगेत घातला. "अशी गावं पुष्कळ पडली आहेत," असं पुटपुटत त्यांनी गाडी सांगितली. मशीनी दोरानं बांधल्या गेल्या. पाटी उलटी करून गाडीत चढवली. लोक सोनं लुटायला शिवेकडे निघाले. पुष्पाबाई रिकाम्या खोलीत उभी होती. किसनराव दारातून म्हणाला, "म्या आधीच सांगतलं होतं." तिनं झाडू घेतला आणि खोली झाडायला लागली.

६

सिंधूताईंना मेहकरच्या एसटीवर सोडायला मीच गेलो. दुसरं कोणी आलं नाही. पुष्पाबाईही आली नाही. आम्ही थांब्यावर पिशवी मधे ठेवून बसलो.

"जमादार, एक सांगू?" त्या म्हणाल्या. "घराच्या भीतीनं मी खोटं बोलली हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. कोणी पाहाले येणार असलं की मी दोन दिवस आधी घर सारवत होती. चहाले चांगल्या कपबश्या काढत होती. पुष्पा आली ते दुपारभर बसली. हसली, माही भाजी खाल्ली, मले ताई म्हणाली. खरं सांगतलं असतं तं ती लगेच उठून गेली असती ना?"

एसटी आली. मी पिशवी वर दिली. खिडकीतून त्या म्हणाल्या, "मेहकरले आले तं या." लोक म्हणतात तसंच त्या म्हणाल्या. पण मी मात्र "नक्की येतो" म्हणालो. पुढं दोन आठवड्यांनी गेलोही. घराला कंपनीचं कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, कुठं गेल्या माहीत नाही.

ही गोष्ट पुष्पाबाईला सांगावी म्हणून वावरात गेलो. कापूस वेचणी सुरू झाली होती. किसनरावाच्या घरच्या बाया एका ओळीत बोलत बोलत वेचत होत्या आणि ती पार पलीकडच्या सरीत एकटी होती. मी बांधावरून सिंधूताईंचं सांगितलं. तिनं ऐकलं, वेचायचं थांबवलं नाही.

"राग आहे काय माहा?" मी विचारलं.

"राग कशाचा? तुमी माहं वावर वाचवलं. सारं गाव तेच म्हणून राह्यलं. मलेही समजते."

"मग एका शब्दानं बोलली नाहीस त्या दिवसापासून."

आता ती थांबली. ओटीतला कापूस दोन्ही हातांनी दाबून धरला.

"जमादार, मेहकरहून आली तवापासून दसऱ्यापर्यंत मी रोज कोंबड्याच्या आधी उठत होती. कोणी उठवत नव्हतं. पोरींले काय शिकवू, कुठून सुरू करू, मनातल्या मनात सारं घोकत होती. बाया बोलत नव्हत्या तरी मले समजत नव्हतं, एवढी मी कामात होती. ते खोटं होतं, ते तुमी शोधून काढलं. बरं केलं." तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "आता उद्या सकाळी मी कशासाठी उठू, तेवढं बी शोधून द्या."

तिनं चेष्टेनं विचारलं नव्हतं. ती उत्तराची वाट पाहत होती. मग तिनं पदर खोचला आणि पुढच्या झाडाला हात घातला. मी बराच वेळ बांधावर उभा होतो.